कालचा पाव

कालचाच पाव घ्यायचा. ताजा पाव लोणी पिऊन टाकतो आणि ट्रेवर आडवा होतो. कालचा जरा हट्टी असतो. सुरी गरम पाण्यात बुडवायची, पुसायची, बोटाच्या जाडीचे काप करायचे. खारट टोस्टसाठी तिरके, गोडासाठी सरळ. म्हणजे ताट फिरायला लागलं की कुणाला विचारत बसावं लागत नाही.

बाबा काप करत होते आणि हे सगळं बायकोच्या आवाजात ऐकत होते.

भट्टी पहिल्यांदा पेटवली त्या तारखेला दरवर्षी दुकानाचा दिवस व्हायचा. गल्लीतल्या गिऱ्हाइकांना बोलवायचं आणि आदल्या दिवशी न खपलेल्या पावाचे टोस्ट करून खायला घालायचे. कल्पना तिचीच. “ज्यांनी घेतला नाही, त्यांनाच खायला घालायचा,” म्हणून ती हसायची, आणि लोक बोटं चाटत घरी जायचे. आजचा दिवस तिच्याशिवायचा पहिला.

मोठा मुलगा भट्टीच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही.

“बाबा, ठरलंय ते लक्षात आहे ना?”

“आहे.”

“आज सगळं नीट झालं तर मी परत विषय काढणार नाही. पण आज काही करपलं...”

“तर भट्टी बंद. पाठ आहे मला.”

“मी काही तुमचा शत्रू नाही.”

“मी कुठे म्हटलं तसं?”

मुलगा हे सगळं ट्रेकडे बघून बोलत होता. आई गेल्यापासून तो बाबांशी असाच बोलायचा, त्यांच्या आसपासच्या वस्तूंशी. मागच्या महिन्यात भट्टीभर पाव कोळसा झाला आणि शेजारच्या दुकानातले शिंपी पाण्याची बादली घेऊन धावत आले, तेव्हाही तो भिंतीलाच विचारत होता, “झालं तरी काय?” बाबांनी सांगितलं होतं, डोळा लागला.

डोळा लागला नव्हता. बाबा भट्टीसमोर टक्क जागे उभे होते.

*

“खारटात काय काय?”

“लसणीचं लोणी, त्यावर टोमॅटो आणि चीज. दुसऱ्यात मशरूम. मिरी कुटायची आहे अजून.”

“आणि गोडात?”

“लोणी, साखर, दालचिनी. काहींवर सफरचंदाच्या चकत्या. मध नंतर.”

“माझ्यासाठी एक मऊ ठेवा ग. मागच्या खेपेला माझी कवळी टोस्टमध्ये राहिली आणि टोस्ट माझ्या तोंडात.”

हे आत्याचं. बाबांची मोठी बहीण. मागच्या खोलीतल्या एकमेव खुर्चीवर ती बसली होती आणि काम करणाऱ्या दोघींना काम सांगत होती. सून लसूण ठेचत होती. नणंद, जिला सगळं घर चिमणी म्हणायचं, सकाळच्या गाडीने आली होती आणि साखरेत दालचिनी कालवता कालवता निम्मी साखर खात होती.

“वहिनी, मी तुला सांगते, भट्टी बंद झाली ना, तर बाबा संपले. दादाला हे कळत कसं नाही? मी पूर्णपणे बाबांच्या बाजूने आहे.”

“मग राहा ना इथे. पहाटे उठून त्यांच्याबरोबर उभी राहा.”

“मला नोकरी आहे ग.”

“मलाही आहे.”

“नोकरी सगळ्यांना आहे,” आत्या म्हणाली. “बाळ्याला तेवढी भट्टी आहे.”

सत्तरीच्या भावाला बाळ्या म्हणणारी आता ती एकटीच उरली होती.

“तुझ्या सासूसारखी उभी राहणारी कोण असणार म्हणा,” ती पुढे म्हणाली. “खोकत खोकत उभी राहायची बिचारी. पिठाने छातीची चाळण झाली तिच्या.”

“छाती साफ होती आईंची,” सून म्हणाली. “फोटो काढला होता, मीच नेलं होतं.”

“मग खोकायची कशाला?”

सुनेला याचं उत्तर कधी मिळालं नव्हतं. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. कुठला खोकला छातीतून येतो आणि कुठला घशातून, हे तिला माणूस चिठ्ठी पुढे करायच्या आत कळायचं. सासूचा खोकला दोन्हींपैकी कुठूनच येत नव्हता. एकदाच, कोरडा, दारावर टकटक करावी तसा. आणि फक्त भट्टीपाशी. नवऱ्याने आईसाठी किती बाटल्या नेल्या होत्या खोकल्याच्या औषधाच्या. सासू गेल्यावर कपाट आवरताना त्या सगळ्या एका रांगेत सापडल्या. एकीचंही बूच उघडलेलं नव्हतं.

*

दादा दुकानात टेबलं जोडत होता. पावाच्या फळ्या रिकाम्या करून त्याने कडेला लावल्या, त्यावर कागद अंथरला, कागदाचं टोक उडत होतं म्हणून त्यावर वजन ठेवलं. हाताला काम होतं तोवर ठीक होतं.

घराचा जिना दुकानातूनच वर जातो. त्या जिन्यात त्याला वास आला होता. त्या संध्याकाळी, ऑफिसातून येताना. करपलेल्या दुधाचा वास घशात बसतो, खाली गिळता येत नाही. तो दोन-दोन पायऱ्या चढत गेला. स्वयंपाकघरात आई जमिनीवर, शेगडी चालू, पातेलं आतून बाहेरून काळं. आणि बाजूच्या खोलीत, चार पावलांवर, बाबा पेपर वाचत बसलेले. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, “आज लवकर?”

डॉक्टर म्हणाले, थोडं आधी कळलं असतं तर.

“दादा.”

चिमणी ताटं घेऊन आली होती.

“काय?”

“मी आत सगळ्यांना सांगितलंय की मी बाबांच्या बाजूने आहे.”

“ऐकलं मी. गल्लीने ऐकलं.”

“पण तू जे करशील ते मला चालेल. मी अडवणार नाही.” तिने ताटं मांडायला सुरुवात केली, म्हणजे त्याच्याकडे बघावं लागणार नाही. “फक्त मी म्हटलं असं बाबांना सांगू नकोस.”

“वा. म्हणजे वाईट मीच.”

“तू नाहीतरी आधीच वाईट आहेस त्यांच्याशी. बोलत नाहीस नीट.”

“तू असतीस त्या दिवशी तर तू बोलली असतीस?”

 चिमणी हळूच म्हणाली, “म्हातारं माणूस आहे. पेंगले असतील.”

“पेपर उलटा नव्हता, चिमणे. चष्मा होता डोळ्यांवर. आख्ख्या जिन्यात धूर होता आणि त्यांना उठावंसं वाटलं नाही. आयुष्यभर तिनेच उठायचं, तिनेच बघायचं. दूध उतू गेलं तरी ती बघेल.” त्याने कागदावरचं वजन उचलून पुन्हा तिथेच ठेवलं. “भट्टीचं मला काही नाही. पण माणूस असा कसा बसून राहतो?”

 चिमणीने ताट सरळ होतं ते पुन्हा सरळ केलं.

*

पहिला ट्रे आत गेला. खारट. भट्टीचं दार जाड लोखंडी, त्याला काच नाही. आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि सारखं उघडून बघितलं तर भट्टी रुसते. बाबा मुठीपाशी उभे राहिले, हात मागे बांधून.

सून बाजूला मिरी कुटत होती. मिरीची धूळ नाकात गेली आणि ती खोकली.

बाबांनी दार उघडलं, सांडशीने ट्रे ओढला, टेबलावर ठेवला.

“झाले.”

टोस्ट पांढरे होते. चीज नुसतं घामेजलं होतं.

“बाबा, हे तर अजून कच्चे आहेत.”

त्यांनी वाकून बघितलं. “हं,” म्हणाले आणि ट्रे परत आत सारला. कान लाल झाले होते त्यांचे. भट्टीमुळेही असतील.

थोड्या वेळाने मिरी पुन्हा उडाली. ती खोकली. बाबांचा हात मुठीवर गेला, पण या वेळी तो तिथेच थांबला आणि त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. तिच्या हातातल्या खलबत्त्याकडे. हात खाली आला.

सुनेने खलबत्ता बाजूला ठेवला. हात धुतले. लसूण भाजल्याचा वास आता चांगला सुटला होता. मग चीजच्या कडा रंग धरू लागल्या, तो वेगळा, जरा खमंग. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते दाराकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच येत-जात नव्हतं. गाडी कधीची येऊन उभी असावी आणि माणूस अजून रस्त्याकडे डोळे लावून बसावा, तसं.

आता काढायला हवेत, असं तिला वाटलं. ती खोकली. मुद्दाम. एकदाच, कोरडं.

बाबांनी ट्रे काढला. टोस्ट सोनेरी होते, कडा तेवढ्या तांबूस.

 आत्या दुकानात जाऊन बसली होती, तिथून तिचा आवाज येत होता, कुणाला तरी रागावत होती.

“कधीपासून?” सुनेने विचारलं.

“तो मोठा ताप आला होता, तेव्हापासून. तू नवीन होतीस घरात.”

“एवढी वर्षं? काहीच वास येत नाही?”

“मीठ कळतं. साखर कळते. जिभेला. खारट आणि गोड, एवढंच उरलंय.” त्यांनी ट्रेमधला एक टोस्ट उचलला, पुन्हा ठेवला. “पाव घड्याळावर भाजता येतो, बहुतेक वेळा. टोस्ट नाही. साखर घड्याळ बघत नाही. म्हणून ती उभी राहायची.”

“आणि आम्ही सगळे औषधं आणत होतो.”

“ती म्हणायची, पोराला वाईट वाटेल, घेते म्हणून सांगा.”

सून एक एक टोस्ट ताटात लावू लागली. तिरके काप, एकावर एक. चौथ्या-पाचव्या टोस्टला तिचा हात थांबला.

“बाबा. ते दूध.”

त्यांनी सांडशी उचलली, फडकं घेतलं.

“तुम्हाला आलाच नाही वास.”

“मला वाटलं, आज शांत आहे घर,” बाबा म्हणाले. “एवढंच वाटलं. पडल्याचा आवाज आला असेल, पण खाली रस्त्यावर गाड्या. मला वाटलं, दूध आटवत असेल. ती आटवायची.” ते सांडशी पुसत होते. स्वच्छच होती ती. “छान वाटत होतं मला. पेपर वाचायला.”

“त्याला सांगा. आत्ता. मी बोलावते.”

“नको.”

“बाबा, त्याला वाटतंय तुम्ही उठला नाहीत! रोज रात्री तेच तेच...”

“वाटू दे.”

“का?”

“नाक नसलेल्या माणसाला कोण भट्टीसमोर उभं करेल? तू करशील? दुपारच्या आत कुलूप लागेल.”

“आणि नाही सांगितलं तर मुलगा गेला तुमचा.”

“तो रोज घरी येतो. रागावून येतो, पण येतो. भट्टी एकदा गार झाली की परत नाही पेटत, बाळ.” मग जरा थांबून, तिच्याकडे न बघता, “खोकशील? आजच्या दिवस?”

आजच्या दिवस. तिला उद्याची पहाट दिसली. परवाची दिसली. नवरा अंथरुणात भिंतीकडे तोंड करून, आणि ती इथे, लोखंडी दारापाशी, सासूच्या जागी, खरं माहीत असलेली एकटी.

“बघते,” ती म्हणाली.

*

गोड टोस्टसाठी लोणी आधी मऊ करून घ्यावं. वितळवू नये. कडेपर्यंत लावावं, कडा कोरडी राहिली की ती आधी जळते. दालचिनीची साखर चमच्याने नाही, चिमटीने, वरून. सफरचंद असेल तर चकती इतकी पातळ की पलीकडचं बोट दिसावं. मध भट्टीत घालायचा नाही, तो ताटात आल्यावर.

आणि मग लक्ष ठेवायचं. आधी नुसता लोण्याचा वास येतो. मग दालचिनी. मग साखर विरघळते तिचा, पातळ, गोड. मग ती साखर रंग धरते आणि सगळं घर भरून जातं, लहान मुलं खेळ टाकून येतात. त्यानंतर जेमतेम एक श्वास असतो. त्या श्वासात ट्रे बाहेर आला पाहिजे, कारण त्याच्या पुढे

*

दुकान भरलं होतं. ताटं फिरत होती. शेजारचे शिंपी मशरूमचे टोस्ट मुठी भरभरून घेत होते आणि बादलीची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते. आत्याला मऊ टोस्ट मिळाला होता, तरी तिची तक्रार होतीच, फार मऊ आहे. कुणीतरी म्हणालं, बाई असत्या तर. कुणीतरी म्हणालं, चव मात्र तीच हं. चिमणी सगळ्यांना सांगत होती, सगळं बाबांनी केलंय, एकट्यांनी.

दादाने एक तिरका टोस्ट खाल्ला. मग एक सरळ. दोन्ही चांगले झाले होते. त्याला बरं वाटायला हवं होतं. शब्द दिला होता, तो आता पाळायचा. यापुढे भट्टीचा विषय नाही, आणि त्या दिवसाचाही नाही, म्हणजे उरलेलं आयुष्य ट्रेशी बोलायचं.

तो भट्टीच्या खोलीत आला. शेवटचा ट्रे आत होता, गोडाचा. बाबा मुठीपाशी, हात मागे. बायको पलीकडे, टेबलाला टेकून.

“लोक खूश आहेत,” तो सांडशीला म्हणाला.

“हं,” बाबा म्हणाले.

“मी बोललो तसं. आता परत काढणार नाही विषय.”

“बरं.”

खोलीत साखरेचा वास भरत होता. पातळ, गोड. मग रंग धरलेला, दाट. सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. दोघं हाताच्या अंतरावर उभे होते आणि मध्ये भट्टी होती.

तो श्वास आला.

ती खोकली नाही.

तिने काही ठरवलं होतं असं नाही. घसा तयार होता, आवाज तिथपर्यंत आलाही होता. तिने तो गिळला.

वास बदलला. गोडाला कडू टोक आलं. दाराच्या फटीतून निळसर धुराची एक रेघ निघाली आणि छताकडे गेली, बाबांच्या डोक्याच्या वरून. ते समोर दाराकडे बघत होते.

“बाबा,” दादा म्हणाला.

बाबांना वाटलं, मुलगा कौतुक करतोय. त्यांनी वळून पाहिलं आणि किती दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर थोडं हसू आलं.

“वास बघ,” ते म्हणाले, “कसा छान सुटलाय.”

करपल्याचा वास दादाच्या घशात बसला. खाली गिळता येईना. त्याने धुराकडे पाहिलं, बाबांच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं, मग बायकोकडे. तिने मान खाली घातली होती.

तो पुढे झाला आणि त्याने स्वतः दार उघडलं. धुराचा लोट बाहेर आला. फडक्याने धरून त्याने ट्रे बाहेर ओढला. ट्रे काळा होता, कडेपासून कडेपर्यंत. सफरचंदाच्या चकत्या वाळलेल्या पानांसारख्या वळल्या होत्या.

बाबांनी ट्रेकडे पाहिलं. मग सुनेकडे.

“घसा बसला का ग तुझा?” त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत असल्यासारखं.



“तुम्हाला वास येत नाही,” दादा म्हणाला.

“तो ट्रे बाजूला ठेव. थोडा पाव उरलाय, दुसरा लावतो.”

“बाबा, तुम्हाला वास येत नाही.”

“तुझ्या आईला माहीत होतं.”

“आईचा खोकला...” दादाने वाक्य सोडून दिलं. तो ट्रे हातात धरून तसाच उभा होता, फडक्यातून चटका बसत होता तरी. “मी तुम्हाला काय काय बोललो.”

“बोललास. ठीक आहे.”

“सांगायचं होतं ना मला. एकदा. त्याच दिवशी सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं तर आज टोस्ट झाले असते का?”

दादाने ट्रे टेबलावर ठेवला. मग तो बाबांच्या समोर येऊन उभा राहिला, अगदी जवळ, आणि त्याने त्यांच्याकडे पाहिलं. ट्रेकडे नाही, भिंतीकडे नाही. त्यांच्या भुवयांना पीठ लागलं होतं. त्याने अंगठ्याने ते पुसलं.

“गॅस सुटला तर तुम्हाला कळणार नाही,” तो म्हणाला. इतक्या हळू की सुनेला जेमतेम ऐकू आलं. “दिवसभर वर तुम्ही एकटे असता. मी पुन्हा त्या जिन्यातून धावत यायचं का, बाबा?”



दादा खाली वाकला. भट्टीच्या पायाशी गॅसचा पितळी कॉक होता. त्याने तो फिरवला. आत ज्योतींचा जो अखंड घूं आवाज असायचा, ज्याच्या वरून बोलायची या घराला सवय होती आणि म्हणून सगळे जरा मोठ्यानेच बोलायचे, तो एकदा फुर्र करून थांबला.

ते मात्र बाबांना नीट ऐकू आलं.

दुकानातली बोलणी एकदम स्पष्ट झाली. कुणीतरी विचारत होतं, अजून येणार आहेत का टोस्ट. चिमणी म्हणत होती, आणते, आणते, बाबा काढताहेत. दादाने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला होता आणि बाबांनी तो राहू दिला होता. दोघंही तसेच उभे होते, भट्टीकडे तोंड करून. लोखंड गार होताना टकटक वाजतं, तसं वाजायला लागलं होतं.

धूर हळूहळू दारातून दुकानात गेला. तिथे खुर्चीवर बसलेल्या आत्याला तो लागला असावा. ती खोकली. एकदाच.

बाबांचा हात पुढे झाला आणि भट्टीच्या मुठीवर गेला.